अमिनो आम्ले, मनःस्वास्थ्य आणि लाखोळी : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

ताणतणाव आणि चिंता यांवर उपाय म्हणून अमिनो आम्लांची पूरके घेण्याची प्रथा आता भारतातील लहान शहरांपर्यंत पोहोचली आहे. ट्रिप्टोफॅन, थिअनिन, गॅबा, ग्लायसिन, लायसिन अशा नावांच्या गोळ्या व भुकट्या औषधांच्या दुकानांतून सहज उपलब्ध होतात. 'हे औषध नव्हे, हा तर अन्नातलाच घटक आहे' असा त्यांच्या समर्थनार्थ केला जाणारा मुख्य युक्तिवाद असतो. जे अन्नातून येते ते निरुपद्रवी असते, हे गृहीतक या युक्तिवादाच्या मुळाशी आहे. या गृहीतकाची कसोटी इतिहासाच्या आधारे घ्यावयाची झाल्यास पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्याकडे वळावे लागते. या जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पिकणाऱ्या लाखोळीच्या दाण्यात मानवी मज्जासंस्थेवर थेट परिणाम करणारे एक अमिनो आम्ल आहे. या एका दाण्याभोवती दुष्काळ, कायदा, विज्ञान आणि शेतकऱ्याची उपजीविका असे चार धागे गुंफले गेले आहेत. प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा आढावा घेऊन आजच्या पूरकांच्या प्रश्नावर त्यातून कोणता प्रकाश पडतो, याचे विवेचन केले आहे.

उद्दिष्टे

१) भंडारा जिल्ह्याच्या पीकपद्धतीतील व आहारातील लाखोळीचे स्थान स्पष्ट करणे.
२) लाखोळीमुळे होणाऱ्या पांगळेपणाच्या ज्ञानाचा ऐतिहासिक विकास मांडणे.
३) अमिनो आम्ले व मज्जासंस्था यांच्या संबंधाविषयीच्या संशोधनाचे टप्पे सांगून ताणतणावावरील पूरकांचे मूल्यमापन करणे.

धानाचा मुलूख आणि उतेऱ्याचे पीक

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा होय. गोंड राजवटीच्या काळापासून, विशेषतः कोहळी समाजाच्या कौशल्यातून, येथे हजारो तलाव निर्माण झाले. पुढे ते 'मालगुजारी तलाव' या नावाने ओळखले गेले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके भंडारा जिल्ह्यात राहिले. तथापि झाडीपट्टीची भाषा, आहार आणि पीकपद्धती या प्रशासकीय सीमेच्या दोन्ही बाजूंना समान आहेत.

धानाच्या पिकानंतर भारी जमिनीत जो ओलावा शिल्लक राहतो, त्यावर दुसरे पीक घेण्याची 'उतेरा' पद्धती या भागात रूढ आहे. धान कापणीला येण्यापूर्वी सुमारे पंधरवडाभर, उभ्या पिकातच लाखोळी, जवस, हरभरा यांसारखे बी फेकले जाते. नांगरणी नाही, खत नाही, पाणी देणे नाही. धान कापले जाते तेव्हा लाखोळीचे रोप वर आलेले असते. लाखोळी अतिपावसात तगते आणि अवर्षणातही तगते. इतर पिके जेथे हार मानतात तेथे ती दाणा देते. तिच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते, कुटार जनावरांना चारते आणि कोवळ्या पाल्याची भाजी होते. डाळीचे वरण, पिठले व वडे केले जातात. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या दृष्टीने जवळजवळ बिनखर्चाने मिळणारे हे प्रथिन होते, आणि त्यातच तिचे आकर्षण व तिचा धोका अशी दोन्ही बीजे आहेत.

'कलायखंज' ते 'लॅथिरिझम'

कडधान्याच्या सेवनाने पाय जातात, हे निरीक्षण फार जुने आहे. आयुर्वेदातील वातव्याधींमध्ये 'कलायखंज' या विकाराचा समावेश असून त्याच्या नावातच कारण आणि लक्षण यांची सांगड घातलेली दिसते. 'कलाय' म्हणजे वाटाणावर्गीय कडधान्य आणि 'खंज' म्हणजे लंगडा. ग्रीक वैद्यक परंपरेतही सतत कडधान्येच खाण्याची वेळ आलेल्या लोकांचे पाय दुर्बळ झाल्याचा उल्लेख हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथसमूहात सापडतो. जर्मनीतील व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये पावाच्या पिठात या दाण्याचे पीठ मिसळण्यास मनाई केली. स्पॅनिश चित्रकार गोया याने १८११-१२ च्या माद्रिदमधील दुष्काळाच्या चित्रांत याच दाण्याच्या लापशीवर जगणारी माणसे दाखविली. त्या चित्रात पाय गमावलेली एक स्त्री जमिनीवर पडलेली आहे. १८७३ मध्ये नेपल्स येथील कांतानी यांनी या विकाराला वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून 'लॅथिरिझम' ही संज्ञा दिली.

भारतातील आधुनिक नोंदींमध्ये कर्नल स्लीमन यांची नोंद विशेष महत्त्वाची आहे. सागर परिसरात १८२९ मध्ये गारपिटीने, १८३० मध्ये अवर्षणाने आणि १८३१ मध्ये तांबेऱ्याने गव्हाचे पीक गेले. या तीन वर्षांत 'तिवरी' म्हणजेच लाखोळी मात्र पिकत राहिली आणि लोक तिच्यावरच जगले. १८३३ च्या सुमारास अनेक तरुणांच्या कमरेखालील शक्ती नाहीशी झाल्याचे दिसून आले. पीक गेले, दाणा उरला, दाण्याने जीव वाचविला आणि पाय घेतले, हा क्रम पुढे प्रत्येक दुष्काळात दिसतो.

मध्यप्रांतातील दुष्काळ आणि भंडारा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भंडारा जिल्हा मध्यप्रांताचा भाग होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी हा प्रांत उद्ध्वस्त केला. १९०१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ नोंदविली गेली. दहा वर्षांत ती १०.७ टक्क्यांनी घटली होती. या घटीचे कारण दुष्काळ हेच होते. याच काळातील मध्यप्रांतातील लॅथिरिझमविषयी भारतीय वैद्यक सेवेतील अँड्र्यू ब्युकॅनन यांनी तयार केलेला १८९६ ते १९०२ या वर्षांचा अहवाल नागपूरच्या सरकारी मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला. 

हा रोग सर्वांना सारखा होत नव्हता. मध्य प्रदेशातील रेवा भागात १९६० च्या दशकात झालेल्या पाहण्यांतून त्याचे सामाजिक स्वरूप पुढे आले. तेथील शेतमजुरांना मजुरी म्हणून लाखोळी किंवा लाखोळीमिश्रित धान्य दिले जाई. जमीनमालकाच्या ताटात गहू आणि मजुराच्या ताटात लाखोळीची भाकर, अशी विभागणी होती. दोन-तीन महिने किंवा अधिक काळ लाखोळी हेच मुख्य अन्न झाल्यास, विशेषतः कष्टकरी तरुण पुरुषांमध्ये, पायांचे स्नायू ताठर होत, गुडघे एकमेकांवर घासत आणि काठीच्या आधाराशिवाय चालणे अशक्य होई. बुद्धी व संवेदना मात्र शाबूत राहत. एकदा आलेले पांगळेपण पुन्हा जात नसे.

भंडाऱ्याच्या आहाराचे स्वरूप याहून भिन्न होते. येथे मुख्य अन्न भात असून लाखोळी ही तोंडी लावण्याची डाळ होती. हा भेद वरवर लहान वाटला तरी, पुढे स्पष्ट होईल त्याप्रमाणे, रासायनिकदृष्ट्या निर्णायक आहे.

१९६१ ची बंदी

स्वातंत्र्योत्तर काळात अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांमध्ये '४४-अ' या नियमाची भर पडून १९६१ पासून लाखोळीच्या विक्रीवर निर्बंध आले. मात्र हा नियम कोणत्या तारखेपासून लागू करावयाचा हे राज्यांवर सोपविलेले होते. त्यामुळे काही राज्यांनी बंदी स्वीकारली, काहींनी नाही. महाराष्ट्राने ती स्वीकारली. शेजारच्या तत्कालीन मध्य प्रदेशात मात्र लाखोळीचा व्यवहार चालू राहिला. भंडारा जिल्हा नेमका या सीमेवर असल्याने येथे एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. शेतकरी पीक घेई, घरी खाई. पण बाजारात उघडपणे विकू शकत नसे. ज्या मालाला कायदेशीर बाजार नाही त्याला भाव मिळत नाही. परिणामी दाणा कवडीमोलाने व्यापाऱ्याकडे जाई आणि तूरडाळीत किंवा बेसनात भेसळ म्हणून ग्राहकाच्या ताटात परत येई. ग्राहकाचे संरक्षण करण्यासाठी केलेल्या नियमाने शेतकऱ्याचे उत्पन्न घटविले, आणि ग्राहकाला तो काय खातो आहे हे कळेनासे केले.

या बंदीविरुद्ध विदर्भात दीर्घकाळ आवाज उठत राहिला. नागपूरच्या 'अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट' या संस्थेचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी लाखोळीवरील बंदी उठावी यासाठी अनेक वर्षे मोहीम चालविली. मिश्र आहारातील लाखोळी अपायकारक नाही, ही त्यांची भूमिका होती. आहारतज्ज्ञांचा एक वर्ग मात्र, दुष्काळात मिश्र आहारच नाहीसा होतो, या मुद्द्यावर बंदीच्या बाजूने उभा राहिला. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या परिस्थितीत खरे होते. एक बाजू सुकाळातील ताटाबद्दल बोलत होती, दुसरी दुष्काळातील.

दाण्यातील अमिनो आम्लाचा शोध

बंदी आली तेव्हा दाण्यातील विषारी द्रव्य कोणते हे निश्चित नव्हते. १९६४ मध्ये बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले. त्याच वर्षी दिल्लीतील मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रमणियन यांनीही स्वतंत्रपणे हाच शोध प्रसिद्ध केला. ऑक्झॅलिल-डायअमिनोप्रोपिऑनिक आम्ल या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप 'ओडॅप' असे आहे. प्रथिनांच्या घडणीत भाग न घेणारे हे अमिनो आम्ल वनस्पतीला उपयोगी असले तरी मानवी चेतापेशींची ते फसवणूक करते.

ही फसवणूक कशी होते हे समजण्यास आणखी दोन दशके लागली. मेंदूतील सर्वात मुबलक उत्तेजक संदेशवाहक ग्लुटामेट हेही एक अमिनो आम्लच आहे, हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या कर्टिस व वॉटकिन्स यांच्या संशोधनातून हळूहळू स्पष्ट झाले. ओडॅपची रेणुरचना ग्लुटामेटशी मिळतीजुळती असल्याने ते चेतापेशींवरील ग्लुटामेटच्या ग्राहींना चिकटते आणि त्यांना अतिरेकी उत्तेजित करते. ही उत्तेजना थांबत नाही आणि अखेरीस पेशी मरते. १९८६ मध्ये पीटर स्पेन्सर व सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांच्या आधारे ओडॅप आणि लॅथिरिझम यांचा संबंध दाखवून दिला.

पुढील संशोधनातून एक महत्त्वाची बाब समोर आली. लाखोळीत मेथिओनिन व सिस्टिन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले अल्प असतात. ही आम्ले चेतापेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करण्यास आवश्यक असतात. इथिओपियातील रोगपरिस्थितीच्या अभ्यासात, गंधकयुक्त अमिनो आम्ले असलेले तृणधान्य लाखोळीसोबत खाणाऱ्यांमध्ये धोका कमी आढळला. म्हणजे विष आणि उतारा ही दोन्ही अमिनो आम्लेच होती. प्रश्न केवळ प्रमाणाचा आणि सोबतीचा होता. भंडाऱ्याच्या ताटातील भात हा केवळ पोट भरणारा पदार्थ नव्हता, तर लाखोळीच्या वरणाला आवश्यक असलेली जोड होती, असे या आधारे म्हणता येते.

शांत करणारी अमिनो आम्ले आणि त्यांची बाजारपेठ

उत्तेजक अमिनो आम्लांप्रमाणेच शामक अमिनो आम्लांचाही शोध याच काळात लागला. १९५० मध्ये युजीन रॉबर्ट्स आदींनी मेंदूत गॅबा हे द्रव्य आढळल्याचे जाहीर केले. ते मेंदूतील मुख्य शामक संदेशवाहक आहे आणि चिंतेवरील डायझेपामसारखी औषधे त्याचाच प्रभाव वाढवितात. विशेष म्हणजे गॅबा शरीरात ग्लुटामेटपासूनच तयार होते. उत्तेजना आणि शांती यांमध्ये एका रासायनिक पायरीचे अंतर आहे. १९०१ मध्ये हॉपकिन्स व कोल यांनी शोधलेल्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन तयार होते. १९४९ मध्ये जपानमध्ये साकाटो यांनी हिरव्या चहाच्या पानातून थिअनिन वेगळे केले.

या शोधांचा साधा अर्थ लावून 'शांत करणारे द्रव्य गोळीच्या रूपात घ्यावे' हा विचार पुढे आला. परंतु शरीररचना इतकी सरळ नाही. पोटातून घेतलेले गॅबा रक्त व मेंदू यांमधील अडथळा सहजासहजी ओलांडत नाही. ट्रिप्टोफॅनला मेंदूत शिरण्यासाठी इतर मोठ्या अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते, हे फर्नस्ट्रॉम व वुर्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी दाखविले. थिअनिनमुळे ताणाच्या प्रसंगी काहीसा आराम वाटतो असे लहान प्रयोगांतून दिसले असले तरी, त्यावरून चिंताविकारावरील उपचार म्हणून त्याची शिफारस करता येत नाही.

या बाजारपेठेच्या इतिहासात १९८९ हे वर्ष इशारा देणारे ठरले. झोप, नैराश्य व ताण यांसाठी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर घेतल्या जाणाऱ्या ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांमुळे स्नायूंच्या तीव्र वेदना आणि रक्तातील इओसिनोफिल पेशींची वाढ असणारा रोग पसरला. दीड हजारांहून अधिक लोक बाधित झाले व तिसांहून अधिक दगावले. या साथीचा संबंध जपानमधील एका उत्पादकाच्या मालाशी व त्यातील अशुद्ध घटकांशी जोडला गेला. पाकिटावरील 'नैसर्गिक' या शब्दाने यांतील एकाही रुग्णाचे रक्षण केले नाही. शिवाय नैराश्यावरील औषधे चालू असताना ट्रिप्टोफॅन घेतल्यास सेरोटोनिनचे प्रमाण घातक पातळीवर जाण्याचा धोका असतो. भारतात आरोग्यपूरकांसाठी स्वतंत्र विनियम २०१६ मध्ये अधिसूचित होऊन १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. म्हणजे लाखोळीवरील नियम आणि गोळ्यांवरील नियम यांमध्ये अर्ध्या शतकाहून अधिक अंतर पडले.

येथे आणखी एक विसंगती नोंदविणे उद्‌बोधक ठरेल. ज्या ओडॅपमुळे लाखोळी बदनाम झाली, तेच द्रव्य 'डेन्सिचिन' या नावाने चीनमधील पॅनॅक्स नोटोजिन्सेंग या वनौषधीत रक्तस्राव थांबविणारा घटक म्हणून ओळखले जाते. गरिबाच्या ताटात जे विष ठरले ते औषधाच्या बरणीत गुण ठरले. द्रव्य एकच; मात्रा, प्रयोजन आणि त्याला लाभलेली प्रतिष्ठा मात्र वेगळी.

डाळ-भात : पारंपरिक पूरक

अमिनो आम्ले आणि चिंता यांच्या संबंधातील एक उल्लेखनीय अभ्यास वायव्य सीरियातील गरीब वस्त्यांत झाला व २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गहू हेच मुख्य अन्न असलेल्या कुटुंबांच्या पिठात तीन महिने लायसिन मिसळण्यात आले. त्यानंतर पुरुषांमधील दीर्घकालीन चिंतेचे प्रमाण आणि स्त्रियांमधील ताणसंप्रेरक कॉर्टिसॉलचा प्रतिसाद कमी झाल्याचे दिसून आले. या अभ्यासाचा आशय असा की, ज्यांच्या आहारात विशिष्ट अमिनो आम्लाची उणीव आहे त्यांना ते मिळाल्यास ताण सहन करण्याची क्षमता वाढू शकते. ज्यांच्या आहारात उणीवच नाही त्यांना अधिकच्या गोळीने तसाच लाभ होईल, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही.

हा मुद्दा भंडाऱ्याला तंतोतंत लागू पडतो. गव्हाप्रमाणे तांदळातही लायसिन कमी असते. कडधान्यांत ते भरपूर असते आणि लाखोळी त्याला अपवाद नाही. उलट कडधान्यांत उणे असलेले मेथिओनिन तांदळातून मिळते. भात आणि वरण एकत्र खाण्याची परंपरा ही अमिनो आम्लांच्या परस्परपूर्तीची, प्रयोगशाळेशिवाय साधलेली योजना होय. झाडीपट्टीतील अल्पभूधारकाच्या घरी ही पूर्ती मुख्यतः ज्या डाळीने केली तीच डाळ बंदीच्या छायेत राहिली, आणि तिची जागा घेऊ शकणारी तूर त्याला नेहमीच परवडत होती असे नाही.

या कोंडीतून मार्ग काढण्याचा प्रयत्न वाणसंशोधनाने केला. भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'रतन', रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचे 'प्रतीक' व 'महातिवरा' हे कमी ओडॅप असलेले वाण विकसित झाले. २०१६ च्या प्रारंभी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने या तीन वाणांना अनुकूलता दर्शविल्याचे जाहीर झाले आणि प्रश्न पुन्हा चर्चेत आला. दाणे भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास ओडॅप बऱ्याच प्रमाणात निघून जाते, हेही संशोधनाने दाखविले. मात्र नव्या वाणाचे बियाणे दरवर्षी शुद्ध स्वरूपात शेतकऱ्यापर्यंत पोहोचले नाही, तर जुन्या वाणाशी त्याची सरमिसळ होते. इंधनटंचाईच्या घरात भिजवण्याचे पाणी तापवणेही सोपे नसते. तांत्रिक उपाय सामाजिक परिस्थितीपासून अलग करता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, अन्नातील अमिनो आम्ल मज्जासंस्थेवर परिणाम करू शकते हे निर्विवाद आहे. लाखोळीने ते अत्यंत क्रूरपणे सिद्ध केले आहे. म्हणूनच 'अन्नातील घटक आहे, अपाय होणार नाही' हा युक्तिवाद टिकत नाही. ज्याच्यात परिणाम करण्याची शक्ती आहे त्याच्यात अपाय करण्याचीही शक्ती असते. दुसरी, एकच अमिनो आम्ल दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेणे, मग ते दुष्काळातील नाइलाजाने असो वा गोळीच्या रूपात हौसेने असो, संतुलन बिघडविणारे ठरू शकते. तिसरी, उणीव भरून काढणे आणि भरलेल्यावर भर घालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चौथी, लॅथिरिझम हा मुळात दाण्याचा नव्हे तर दारिद्र्याचा रोग होता. ज्याला पर्याय होता त्याचे पाय शाबूत राहिले.

ताणतणावाच्या बाबतीतही हेच खरे आहे. धानाचा भाव, पावसाचा लहरीपणा आणि कर्ज यांतून निर्माण होणारी शेतकऱ्याची चिंता किंवा परीक्षा व बेरोजगारी यांतून येणारी विद्यार्थ्याची चिंता यांचे मूळ ट्रिप्टोफॅनच्या अभावात नसते. चिंता विकाराच्या पातळीवर पोहोचली असेल तर तज्ज्ञाचा सल्ला आवश्यक आहे. त्यासाठी शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. आहाराच्या पातळीवर मात्र पुरेसा भात, पुरेसे वरण आणि त्यांचा योग्य मेळ हीच आजही अमिनो आम्लांची सर्वात विश्वासार्ह जोड होय. हा मेळ प्रत्येक घराच्या ताटात असावा, ही जबाबदारी औषधाच्या दुकानाची नसून समाजाची व शासनाची आहे, हाच भंडाऱ्याच्या लाखोळीच्या इतिहासाचा बोध होय.